नाव सोडून बाकी सगळं

माझ्या ताईचं नाव दोनदा पुसलं गेलं. पहिल्यांदा तिच्या साहेबांनी पुसलं, जाणूनबुजून. दुसऱ्यांदा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी पुसलं, प्रेमाने. दोघांपैकी राग कुणाचा जास्त येतो हे मला विचारू नका. सकाळी एकाचा येतो, संध्याकाळी दुसऱ्याचा.

मंडळ म्हणजे जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांचं मंडळ. लोकांनी माळ्यावर टाकलेली, भंगारात घातलेली यंत्रं आम्ही घरी आणतो आणि जिवंत करत बसतो. घरचे आम्हाला वेडे म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. आमच्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, यंत्र चाललं पाहिजे, ओरखडे राहिले तर राहू देत. दुसरा म्हणतो, यंत्र आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं दिसलं पाहिजे. मी पहिल्या पंथाची. अध्यक्ष दुसऱ्या पंथाचे नुसते अनुयायी नाहीत, महंत आहेत. त्यांच्या घरात सगळी यंत्रं इतकी पांढरीशुभ्र आहेत की दाताच्या डॉक्टरकडे येऊन बसल्यासारखं वाटतं. पाठीमागे आम्ही त्यांना 'चकचकीत' म्हणतो.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा मला 'ठिणगी' म्हणतो, आणि ते सोल्डरिंगवरून म्हणतो असा त्याचा दावा आहे. सोल्डरिंग मला ताईनं शिकवलं. ती माझ्याहून बरीच मोठी. तिची पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. ती कंपनी घरगुती कॉम्प्युटर बनवायची: कीबोर्डच्याच पेटीत सगळं यंत्र, मागून एक वायर काढून टीव्हीला जोडायची. बटण दाबल्यावर यंत्र ज्याच्या जोरावर जागं होतं, तो मूळ प्रोग्रॅम ताईनं लिहिला. एकटीनं. साहेब संध्याकाळी तिच्या टेबलापाशी यायचे आणि विचारायचे, "झालं का?" त्या प्रोग्रॅममधला साहेबांचा वाटा तेवढाच.

त्यात तिनं एक गंमत करून ठेवली. यंत्र चालू करताना तीन ठरावीक बटणं एकदम दाबून धरली, की पडद्यावर 'हे लिहिलं' अशी ओळ यायची आणि तिच्याखाली ताईचं नाव. पहिली खेप त्या नावासकट बाजारात गेली. कुणा ग्राहकाला ते सापडलं, त्यानं कौतुकानं कंपनीला कळवलं, आणि दुसऱ्या खेपेत नाव नव्हतं. ताईला हे स्टोअरमधल्या माणसाकडून कळलं. पुढे एका मासिकात साहेबांची मुलाखत आली. हा प्रोग्रॅम म्हणे त्यांनी एकट्यानं, डोळ्यांत तेल घालून लिहिला होता. मुंगीनं वारूळ बांधावं आणि नागोबानं आत बसून मुलाखती द्याव्यात, त्यातलाच प्रकार.

ताईनं ती नोकरी सोडली आणि पुढचं सगळं आयुष्य विमा कार्यालयात काढलं. मी तो विषय काढला की ती म्हणायची, "जाऊ दे गं." मी मासिकाच्या त्या पानावर चहा सांडला, मुद्दाम, तरी "जाऊ दे गं." तिच्या वाटणीचं चिडणंही माझ्याकडेच आलं असावं, कारण मला माझं एकटीचं म्हणून इतकं पुरलं नसतं.

पहिल्या खेपेचं यंत्र मी कित्येक वर्षं शोधत होते. दुसऱ्या खेपेची मिळत, मंडळात दोघातिघांकडे आहेत. पहिली खेप लहान होती. शेवटी एका भंगारवाल्याकडे, मोडक्या वॉशिंग मशीनच्या खाली, ते सापडलं. प्लॅस्टिक पिवळंधम्मक, एक बटण गायब, आत गंज, कपॅसिटर फुगलेले. पण बोर्डवरच्या मुख्य चिपवर एक कागदी लेबल चिकटवलेलं होतं आणि त्यावर पेनानं खेपेचा आकडा लिहिला होता. अक्षर ताईचं होतं. मी तिथेच भंगारात बसकण मारली.

दुरुस्तीला वेळ लागला, पण यंत्र चाललं. ताईला दुकानात बोलावलं. तिनं चष्मा पुसला, तीन बटणं दाबून धरली, मी स्विच टाकला आणि तिचं नाव आलं. मी रडायच्या बेतात होते. ताई म्हणाली, "दोन ओळींत अंतर जरा जास्तच ठेवलं होतं मी. तेव्हाही खटकलं होतं." मग तिनं चहा मागितला. पण चहा संपला तरी ती उठेना, आणि मी स्विचकडे हात नेला तर म्हणाली, "राहू दे ना चालू. वीज काय मोठी जळतेय."

त्याच सुमारास मंडळाचं प्रदर्शन ठरलं. प्रमुख पाहुणे कोण, तर तेच साहेब. 'आपण घडवलेलं यंत्र ते स्वहस्ते सुरू करतील' असं पत्रकात छापलं होतं. मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. साहेबांनी स्विच टाकायचा, मी शेजारी उभं राहून तीन बटणं दाबायची आणि सगळ्या सभागृहासमोर ताईचं नाव पडद्यावर येऊ द्यायचं. ताई "कशाला?" म्हणाली. "नको" म्हणाली नाही.

आता त्या चिपबद्दल थोडं सांगायला हवं. त्या जातीच्या चिपला वरून बटणाएवढी काचेची खिडकी असते. त्या खिडकीतून कडक यूव्ही, म्हणजे अतिनील, प्रकाश आत गेला की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. ती सोय म्हणूनच केलेली असते, पुसून पुन्हा लिहिता यावं म्हणून. त्यामुळे खिडकीवर लेबल चिकटवतात. लेबल म्हणजे शोभा नव्हे, पडदा आहे. मंडळात नवीन आलेल्या माणसालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. शिवाय इतक्या जुन्या चिपा कधीतरी आपोआपही विसरतात, म्हणून त्यातल्या मजकुराची नक्कल करून ठेवावी लागते. एवढ्या जुन्या जातीची नक्कल काढणारं उपकरण फक्त अध्यक्षांकडे होतं.

म्हणून मी यंत्र त्यांच्याकडे दिलं. नावाचं त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, साहेबांच्या कानावर गेलं असतं. पण बजावलं. "अध्यक्ष, आधी नक्कल. मग बाकी काय ते."

"अहो, हे काय मला सांगायचं?" अध्यक्ष म्हणाले.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेले तर ते दारातच फुललेले. "डोळे मिटा," म्हणाले. मी मिटले नाहीत. टेबलावर ते यंत्र ठेवलं होतं, पांढरंफेक. गायब बटणसुद्धा कुठून तरी आणून बसवलेलं.

"कसं?" त्यांनी विचारलं.

"नक्कल?"

"आता काढतो ना, पाच मिनिटांचं काम आहे. म्हटलं, आधी आंघोळ घालू."

आंघोळ म्हणजे त्यांचं कपाट. एक जुनं लाकडी कपाट त्यांनी आतून चंदेरी कागदानं मढवलंय आणि त्यात पाणी शुद्ध करायच्या यंत्रातल्या यूव्ही नळ्या बसवल्यात. पिवळ्या प्लॅस्टिकला रसायन चोपडायचं, आत ठेवायचं, दिवे लावायचे. पेटीच्या प्लॅस्टिकपुरतं ते ठीक आहे. मी विचारलं, "बोर्ड कुठे होता?"

"तोही ठेवला होता आत. चिपा बसवायच्या खाचा पांढऱ्या असतात ना, त्याही पिवळ्या पडलेल्या. बारकाईनं बघणारे बघतात हो."

"आणि लेबल?"

"ते फाटकं होतं. पेनानं काहीतरी खरडलेलं. आता पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? काढून टाकलं. हे बघा, नवीन छापून घेतलंय, कंपनीच्या मूळ अक्षरांत. आज लाव..."

वाक्य पुरं व्हायच्या आधी त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. हातातला लेबलांचा कागद खाली गेला. त्यांनी धावत जाऊन उपकरण आणलं, चिप त्यात बसवली. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत कोरी पाटी. ज्या माणसानं अर्ध्या मंडळाला 'खिडकी उघडी ठेवू नका' म्हणून शिकवलं, त्यानं स्वतःच्या हातानं पडदा फाडून चिप दिव्याखाली झोपवली होती, कारण पडदा मळका होता.

तेव्हा मी त्यांना सांगितलं त्यात काय होतं ते. आणि पुढे मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांच्या बायकोनं मधेच येऊन खिडक्या लावून घेतल्या, एवढं पुरे. अध्यक्षांनी कचऱ्याची टोपली पालथी करून लेबल शोधलं. ते सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊन दुकानात आले. रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. मला दयासुद्धा आली असती, पण त्यांनी तोंड उघडलं.

"दुसऱ्या खेपेची नक्कल माझ्याकडे होती, ती चिपमध्ये भरली. यंत्र चालतंय. नाव सोडून बाकी सगळं तेच आहे."

नाव सोडून बाकी सगळं! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझ्या मस्तकात तिला जागा उरली नव्हती. मी त्यांना दाराकडे बोट दाखवलं.

"तुझ्या फोनमध्ये ताईच्या नावाचा फोटो आहे ना?" नवरा म्हणाला.

"फोटोत काय? पडद्यावर नाव. ते कुणीही टाइप करून फोटो काढेल. आणि उद्या साहेब हसून म्हणतील, बहिणीची माया आहे."

खरं म्हणजे नवरा बिचारा मदत करत होता, पण त्या दिवशी माझ्या आसपास मदत करणं धोक्याचं होतं.

ताईला सांगणं भाग होतं. तिच्या स्वयंपाकघरात ती चहा पीत होती. मी सगळं सांगितलं, कपाटासकट, लेबलासकट. आणि तिच्या 'जाऊ दे गं'ची वाट बघत राहिले. ते आल्यावर तिच्यावर ओरडायचं हेही मी ठरवून आले होते.

ते आलं नाही. तिनं कप इतक्या जोरात ठेवला की बशीला तडा गेला.

"त्यांनी माझं अक्षर कचऱ्यात टाकलं?"

"ताई..."

"इतकी वर्षं तू मला मेंगळट समजत आलीस ना? मी 'जाऊ दे' म्हणायचे, कारण ते कुठे गेलेलंच नव्हतं! कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी माळ्यावर, त्या डब्यांमध्ये माझं नाव होतं. साहेबांना सगळे डबे परत आणता आले नसते. ते मुलाखती देऊ देत, भाषणं करू देत, माझं नाव आत होतं. मला तेवढं पुरत होतं. इतक्या वर्षांत सापडला तो एकच डबा, आणि तोही कोरा. आता काय पुरवू?"

ती रडत नव्हती. ती चिडली होती, आणि तिला त्याची सवय नसल्यामुळे हात कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं. मी आयुष्यभर तिच्या वतीनं चिडले, पण माझा सगळा राग एकत्र केला तरी त्या एका मिनिटापुढे तो लुटुपुटूचा होता.

मग ती चप्पल घालू लागली. "चल. दाखव मला ते दुसऱ्या खेपेचं. मी कधी पाहिलेलंच नाही."

दुकानात तिनं त्या पांढऱ्या पेटीला हात न लावता आधी नुसतं बघितलं. मग तीन बटणं दाबून धरली. मी म्हटलं, "ताई, त्यात नाही ते." ती म्हणाली, "स्विच टाक."

पडदा कोरा राहिला. पण कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी चौकट, नेहमीच्या जागी नव्हती. ती दोन ओळी खाली उतरून थोडी उजवीकडे जाऊन थांबली होती. ताईनं पडद्यावर बोट ठेवलं आणि डावीकडून एकेक घर मोजत त्या चौकटीपाशी आली. मग तिनं पुन्हा मोजलं. ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे अजून माझं नाव लिहितंय. अक्षरांच्या जागी मोकळी घरं लिहितंय. बघ ना, खालच्या ओळीत बरोबर माझ्या नावाएवढी जागा सोडलीय, आणि वर अंतरसुद्धा तेच, जास्तीचं." ती स्टुलावर बसली. "माझा तो तुकडा काढून टाकायचा तर बाकीचा प्रोग्रॅम सरकतो, आतल्या आज्ञांचे सगळे पत्ते बदलतात. तो समजल्याशिवाय काढता येत नाही. साहेबांना समजला नाही. म्हणून त्यांनी अक्षरं शोधली आणि त्यांच्यावर मोकळ्या जागा फासल्या."

"दुसऱ्या कुणी केलं असेल तर?"

"त्या खोलीत हे काम करणारे दोघंच होतो आम्ही. मी केलं नाही." तिनं स्विच स्वतः बंद केला. "प्रदर्शनात तू तोंड उघडायचं नाहीस. आज काय बोलायचं ते बोल, त्या दिवशी नाही. काय वाटेल ते झालं तरी."

मला गप्प बस म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नकोस म्हणणं. पण मी मान डोलावली.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. साहेब आता काठी घेऊन चालत होते, आवाज मऊ, हसणं गोड. लोक त्यांना वाकून भेटत होते. भाषणात त्यांनी तो काळ, ती जिद्द, ती जाग्रणं सगळं सांगितलं. 'एकट्यानं' हा शब्द आला तेव्हा मी जीभ चावली, अक्षरशः. मग त्यांनी स्विच टाकला, मागच्या मोठ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबायच्या आत ताई उठून टेबलापाशी गेली. साहेबांनी डोळे बारीक केले.

"अरे वा! तुम्ही आमच्याकडे होतात ना? टायपिंगला?"

"हो," ताई म्हणाली. "जरा बंद करून पुन्हा लावते, चालेल ना?"

तिनं तीन बटणं दाबून धरली आणि स्विच टाकला. मोठा पडदा कोरा झाला. दोन ओळी खाली, जरा उजवीकडे, चौकट लुकलुकत राहिली. साहेबांचा चेहरा मी पाहिला. ती मोकळी जागा त्यांनी ओळखली. यंत्र बिघडलं असं समजून सभागृहात कुजबुज सुरू झाली, तेव्हा ताई लोकांकडे वळली. तिला माइकची गरज पडली नाही.

"यंत्र ठीक आहे. पहिल्या खेपेत इथे 'हे लिहिलं' असं येत होतं आणि त्याच्याखाली एक नाव. दुसऱ्या खेपेत ते नाव पुसलं. काढलं नाही हां, पुसलं. ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला त्याला ते काढता आलं असतं. ज्यानं लिहिला नाही, त्याला नुसतं पुसता आलं. म्हणून ही जागा अजून रिकामी दिसते."

"अहो, इतकी वर्षं झाली..." साहेबांनी हसत स्विचकडे हात नेला. अध्यक्ष त्यांच्या मागेच उभे होते. त्यांनी काही न बोलता मधे येऊन स्विचवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवला. मानेपर्यंत लाल झाले होते.

ताईनं एक खुर्ची ओढून साहेबांसमोर ठेवली.

"बसा, साहेब. आज तुम्ही टायपिंगला बसा. जे पुसलंत ते परत लिहा. जागा तुम्हीच मोकळी करून ठेवलीय."

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? साहेब बसले. काठी टेबलाला टेकवली. एक बोट पुढे केलं आणि ते कीबोर्डवर तसंच राहिलं. थोडं डावीकडे गेलं, थोडं उजवीकडे, पण बटणावर टेकेना. त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काही सापडतंय का म्हणून. पुन्हा कीबोर्डकडे. तेव्हा मला कळलं. त्या माणसानं तिचं नाव एकेक अक्षर शोधून पुसलं होतं, आणि त्याला ते नाव आठवत नव्हतं.

"जरा..." साहेब हळूच म्हणाले. "आपलं नाव काय बरं?"

मी उठले होते. नवऱ्यानं माझा हात धरला. पण ताई सांगेल असं मला एक क्षण वाटलं, कारण विचारलं की सांगायचं, ही तिची जन्माची सवय.

तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"आठवा," ताई म्हणाली. "मला घाई नाही."